अमेरिकेतल्या लहान कॉलेजचा फुटबॉल कोच : मुलाला या वाटेने जाऊ द्यावं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या डिव्हिजन थ्री संघात लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावफळीत, खेळतो. एका विमा कंपनीची नोकरी त्याच्या हातात आहे, पण ती त्याला नको. दुसऱ्या एका कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, म्हणजे मास्टर्स करता करता सहाय्यक कोच म्हणून, जायचं आणि पुढे अशाच एखाद्या लहान कॉलेजचा हेड कोच व्हायचं, असं तो म्हणतो. वडील विचारतात : हेड कोच व्हायला किती वर्षं लागतात, पगार किती असतो, आणि तिथून मोठ्या विद्यापीठांचं किंवा एनएफएल या व्यावसायिक लीगचं दार उघडतं का?

मी ओहायोतल्या लहान कॉलेजांमध्ये आधी डिफेन्सचा सहाय्यक कोच होतो, नंतर क्रीडा विभागाच्या प्रशासनात आलो. हेड कोचच्या मुलाखती दिल्या आहेत आणि पुढे त्या घेणाऱ्या समित्यांवरही बसलो आहे. जे सांगतो ते त्या अनुभवातून.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि पॅड चढवून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेजांच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संघटना पाहते. टीव्हीवर दिसणारी अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन ही विद्यापीठं सगळ्यात वरच्या थरात. अशी सुमारे १३५. डिव्हिजन टूमध्ये मर्यादित शिष्यवृत्त्या असतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाच्या नावावर शिष्यवृत्ती देताच येत नाही, आणि फुटबॉल खेळणारी अशी कॉलेजं सुमारे २४० आहेत. याशिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे, तिच्यातही बहुतेक लहान कॉलेजंच.

आता मूळ मुद्दा. तुमचे तिन्ही प्रश्न वाचले की वाटतं, तुम्ही या नोकरीकडे शिडीची एक पायरी म्हणून पाहता आहात. मुलाने मात्र, तुमच्याच शब्दांत, लहान कॉलेजचा कोच व्हायचं असं म्हटलं आहे. तेव्हा आधी ठरवायचं ते वेगळंच. हे काम रोज जसं असतं तसं त्याला आवडणार आहे का, आणि तिथवर पोचेपर्यंतची वर्षं तो कशावर काढणार? ही दोन उत्तरं मिळाली की तुमच्या प्रश्नांचीही उत्तरं मिळतील.

लहान कॉलेजचा हेड कोच हा सगळ्यात आधी कॉलेजला विद्यार्थी आणून देणारा माणूस असतो. खेळाडूंनाही हे नीट ठाऊक नसतं, कारण ते कोचला मैदानावर पाहतात. हिशेब साधा आहे. बारा-पंधराशे विद्यार्थ्यांचं खासगी कॉलेज, सरकारी अनुदान नसल्यासारखंच, देणग्यांची ठेव बेताची. सगळा डोलारा फीवर उभा. अशा कॉलेजच्या फुटबॉल संघात शंभर-सव्वाशे मुलं असतात. गुणांवर किंवा आर्थिक गरजेवर मिळणारी सवलत वजा केली तरी प्रत्येक मुलगा शिकण्याचे, राहण्याचे, जेवणाचे काही ना काही पैसे भरतोच. म्हणजे दर दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक फुटबॉल खेळणारा. शिवाय अशा बऱ्याच कॉलेजांत मुलींच्या मानाने मुलगे कमी येतात. फुटबॉल ती दरीही थोडी भरून काढतो. आर्कान्सामधल्या हेंड्रिक्स कॉलेजने अनेक दशकांनी फुटबॉल पुन्हा सुरू केला आणि जॉर्जियातल्या बेरी कॉलेजने पहिल्यांदाच सुरू केला, दोन्ही २०१३ साली. मिशिगनमधल्या एड्रियन कॉलेजने तर २००५ नंतर एकामागून एक खेळ सुरू करून विद्यार्थीसंख्या वाढवण्याचं धोरण उघडपणे राबवलं. या हिशेबामुळेच हेड कोचला दर वर्षी आकडा दिला जातो : पुढच्या ऑगस्टमध्ये इतकी नवी मुलं.

त्यामुळे कोचचं वर्ष सामन्यांभोवती कमी आणि भरतीभोवती जास्त फिरतं. नियमित सीझन दहा सामन्यांचा असतो, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. शेवटचा सामना शनिवारी झाला की सोमवारपासून सहाय्यक कोच गाड्या काढून हायस्कुलांच्या फेऱ्यांवर निघतात. एका दिवसात चार-पाच शाळा, प्रत्येक शाळेत तिथल्या कोचशी पाच मिनिटं बोलणं, मुलांची यादी घेणं, रात्री मोटेलमध्ये बसून फोन. डिसेंबर ते मार्च शनिवार-रविवारी मुलं आणि पालक कॉलेज बघायला येतात. हेड कोच प्रत्येक कुटुंबाशी बसून बोलतो, आणि त्या बोलण्यात खेळापेक्षा पैशांचाच विषय जास्त असतो. केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा फॅफ्सा हा अर्ज भरला का, कॉलेजने किती सवलत देऊ केली, दुसरं कॉलेज किती देतंय. २०२४ च्या प्रवेशांच्या वेळी नव्या फॅफ्साचं वेळापत्रक कोलमडलं, सवलतींचे आकडे घरोघरी उशिरा पोचले, आणि लहान कॉलेजांच्या कोचना त्या वसंतात झोप नव्हती. एरवी १ मे ही प्रवेश पक्का करणाऱ्या डिपॉझिटची पारंपरिक तारीख. इथे खेळाडूला बांधून ठेवणारा कुठलाही करार नसतो, त्यामुळे डिपॉझिट भरलेली मुलंही उन्हाळ्यात गळतात. ऑगस्टच्या पहिल्या सरावाला किती जण हजर होतात ते बघेपर्यंत कोचचा जीव टांगणीला लागलेला असतो.

मग ती मुलं टिकवायची. पंचेचाळीस मुलं पहिल्या वर्षाला आली आणि चौथ्या वर्षापर्यंत त्यातली बाराच उरली, तर कॉलेजच्या अध्यक्षांच्या दृष्टीने तो कोच नापास, मग त्याने सामने जिंकलेले असोत. हेड कोच निवडताना आमच्या समितीने उमेदवारांना सगळ्यात जास्त छेडलं ते याच विषयावर. मुलं का सोडून जातात? पहिल्या सत्रात गुण घसरलेल्या मुलाचं तुम्ही काय करता? चारशे मैलांवरून आलेला मुलगा थँक्सगिव्हिंगच्या नोव्हेंबरातल्या सुट्टीनंतर परत येत नाही, तेव्हा फोन कोण करतं? जाडजूड प्लेबुक, म्हणजे डावांची वही, घेऊन येणारे आणि या प्रश्नांवर अडखळणारे चांगले चांगले डावपेची मी पाहिले आहेत. त्यांना ती नोकरी मिळाली नाही.

कामाची आणखी एक बाजू तुमच्या मुलाने त्याच्या संघात पाहिलीच असेल. लहान कॉलेजात मदतीला माणसं नसतात. जर्सी धुणं, मैदानावर रेषा आखणं, बसचं आणि जेवणाचं ठरवणं, देणगीसाठी माजी खेळाडूंना फोन करणं, हे सगळं कोचिंग स्टाफच करतो. मंगळवारी दुपारी केमिस्ट्रीची लॅब असते म्हणून लेफ्ट टॅकलच्या जागी खेळणारा मुलगा सरावाला नसतो, आणि त्यावर तक्रार करायची सोय नाही, कारण इथे लॅब आधी आणि सराव नंतर. मला हे मनापासून आवडायचं. शिष्यवृत्तीचा धाक नसलेली मुलं, खेळ सोडला तरी कॉलेजात राहू शकणारी मुलं, कडाक्याच्या थंडीत पहाटे सहाला व्यायामाला येतात ती केवळ खेळ आणि एकमेकांसाठी. अशा मुलांना शिकवणं ज्याला जमलं त्याला यापेक्षा मोठ्या स्टेडियमची गरज वाटत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

इथे जॉन गॅग्लिआर्डींबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण या व्यवसायाचं पूर्ण रूप त्यांच्या आयुष्यात दिसतं. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडचा हा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात हायस्कूलचे कोच सैन्यात गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी त्यानेच संघ चालवायला घेतला. १९४९ मध्ये ते मोंटानातल्या हेलेना इथल्या कॅरोल कॉलेजचे कोच झाले आणि १९५३ मध्ये मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये आले. बेनेडिक्टाइन संन्याशांचं ते कॉलेज. सुरुवातीच्या काळात त्यांनी तिथे आइस हॉकीचा संघही सांभाळला. मग ते तिथेच राहिले, २०१२ चा सीझन संपेपर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत. साठ सीझन एका कॉलेजात. कारकिर्दीत ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाच्याही नावावर नाहीत. ग्रॅम्बलिंग विद्यापीठाच्या एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम त्यांनी २००३ मध्ये मागे टाकला.

त्यांची पद्धत आजही ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. सरावात टॅकल करायचं, म्हणजे समोरच्याला पकडून पाडायचं, नाही. शिट्टी नाही. धडका देण्याचे लोखंडी स्लेड नाहीत. सराव दीड तासाच्या आसपास, त्याहून लांबवायचा नाही. संघात यायचं म्हणणाऱ्या कुणालाही काढायचं नाही. आणि मुलांनी त्यांना कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. यामागे भाबडेपणा नव्हता. शिष्यवृत्तीच्या बळावर मुलांना बांधून ठेवता येत नाही, तर त्यांना यावंसं वाटलं पाहिजे आणि शनिवारी ती धडधाकट असली पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. माझ्या मते डिव्हिजन थ्रीच्या परिस्थितीला दिलेलं हे सगळ्यात शहाणं उत्तर आहे. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट : त्यांची राष्ट्रीय विजेतेपदं १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ ची. शेवटच्या दोन विजेतेपदांमध्ये सत्तावीस वर्षांचं अंतर. मोठ्या विद्यापीठात एखादं विजेतेपद मिळवलेल्या कोचलाही पाच-सहा वर्षांत दुसरं आलं नाही की खुर्ची डळमळते. लहान कॉलेजात सत्तावीस वर्षं तग धरता येतो, कारण तिथे कोचचं मोल दर वर्षी येणाऱ्या, टिकणाऱ्या आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांवरही ठरतं.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. एक माणूस साठ वर्षं खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्या हाताखालचे थांबून राहतात. गॅग्लिआर्डींनंतर हेड कोच झालेले गॅरी फॅशिंग त्याआधी अनेक वर्षं त्यांचेच सहाय्यक होते. २४० जागा म्हणजे फार वाटतात. त्यातल्या दर वर्षी थोड्याच रिकाम्या होतात आणि प्रत्येक जागेसाठी अर्जांचा ढीग येतो.

म्हणून ‘किती वर्षं’ याला एक आकडा देता येत नाही. केलेन डीबोर तिसाव्या वर्षी, २००५ मध्ये, दक्षिण डकोटातल्या सू फॉल्स या आपल्याच कॉलेजचे हेड कोच झाले. लान्स लायपोल्ड यांना विस्कॉन्सिन–व्हाइटवॉटर या त्यांच्या कॉलेजने २००७ मध्ये हेड कोच केलं, त्याआधी जवळपास वीस वर्षं ते निरनिराळ्या ठिकाणी सहाय्यक होते. लॅरी केरेस माउंट युनियन या ओहायोतल्या कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून खेळले, तिथेच सहाय्यक झाले आणि १९८६ मध्ये हेड कोच. तिघेही आपापल्या जुन्या कॉलेजात हेड कोच झाले, हे लक्षात घ्या. लहान कॉलेजं ओळखीच्या माणसावर विश्वास टाकतात. तुमचा मुलगा आज ज्या संघात खेळतो, त्याच्या कोचशी आणि क्रीडा संचालकांशी त्याचे संबंध कसे आहेत, हे म्हणूनच फार महत्त्वाचं.

वाट साधारण अशी असते. दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट : मास्टर्सची फी माफ, हातात थोडा भत्ता, कधी राहण्याची सोय. मग एखाद्या गटाचा कोच, म्हणजे लाइनबॅकर किंवा डिफेन्सिव्ह बॅक यांचा. मग डिफेन्स किंवा ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या बाजूचा प्रमुख. मग हेड कोच. प्रत्येक पायरीला बहुधा गाव बदलतं, पुष्कळदा राज्यही. गटाच्या कोचची जागा अनेक ठिकाणी पूर्ण वेळेची नसते. तिला वसतिगृहाचा रेक्टर, व्यायामशाळेचा प्रमुख किंवा प्रवेश कार्यालयातला अर्धवेळ अधिकारी असं काहीतरी जोडलेलं असतं. पगाराचं कॉलेजागणिक आणि राज्यागणिक इतकं बदलतं की आकडा सांगणं दिशाभूल ठरेल. माझ्या पाहण्यातलं सांगतो : लहान कॉलेजांचे बरेचसे हेड कोच चांगल्या सरकारी शाळेतल्या अनुभवी शिक्षकाच्या आसपास कमावतात, कुणी थोडं कमी, कुणी थोडं जास्त. सहाय्यकांचा पगार त्याहून बराच खाली असतो. खेड्यातल्या कॉलेजात घर स्वस्त पडतं, आणि पुढे हेड कोचच्या मुलांना फीमाफी मिळाली तर तो मोठाच लाभ असतो. पण पंचवीस ते पस्तीस ही वर्षं ओढाताणीचीच, हे धरून चाला. तुमच्या मुलाचे विमा कंपनीत गेलेले मित्र त्या वर्षांत घरं घेतील. लग्नाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणार : शनिवार-रविवार कधीच मोकळे नाहीत आणि दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलणार, हे ज्या मुलीला मान्य आहे तिच्याशी त्याने मोकळेपणाने बोलून ठरवलेलं बरं. या कामात टिकलेल्या बहुतेकांच्या घरात जोडीदाराची नोकरी पक्की आहे, असं मी पाहिलं आहे.

आता मोठ्या दाराबद्दल. ते उघडतं, पण लोक समजतात तसं नाही. लायपोल्ड यांनी व्हाइटवॉटरमध्ये आठ सीझनमध्ये १०९ सामने जिंकले, ६ हरले, सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, तेव्हा कुठे २०१५ मध्ये बफलो विद्यापीठाने त्यांना घेतलं. २०२१ पासून ते कॅन्सस विद्यापीठात आहेत. डीबोर यांनी सू फॉल्समध्ये ६७ विजय आणि ३ पराभव अशी कामगिरी करून एनएआयएची तीन विजेतेपदं जिंकली. तरीही त्यानंतर ते दुसऱ्या विद्यापीठात हेड कोच म्हणून गेले नाहीत, २०१० मध्ये सदर्न इलिनॉयचे कोऑर्डिनेटर म्हणून गेले. अनेक ठिकाणं फिरून २०२४ मध्ये अलाबामात तिथले नामवंत हेड कोच निक सेबन यांच्या जागी आले. म्हणजे लहान कॉलेजातून वर जाण्यासाठी नुसतं जिंकून भागत नाही, वर्षानुवर्षं जवळपास हरायचंच नाही, अशी अट पडते.

निक सिरियानी यांचा रस्ता याहून बोलका आहे. माउंट युनियनमध्ये रिसीव्हर म्हणून खेळले, तिथेच २००४ मध्ये सहाय्यक झाले, मग डिव्हिजन टूमधल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात गेले आणि २००९ मध्ये एनएफएलच्या कॅन्सस सिटी चीफ्समध्ये. २०२१ मध्ये ते फिलाडेल्फिया ईगल्सचे हेड कोच झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकले. कॉलेजचे हेड कोच ते कधीच नव्हते. माझं मत असं : ज्याला वरच जायचं आहे त्याने लहान कॉलेजातून सहाय्यक असतानाच, तरुणपणी बाहेर पडावं. लहान कॉलेजचा हेड कोच झालेल्या माणसावर ‘हा डिव्हिजन थ्रीचा’ असा शिक्का बसतो आणि तो पुसायला लायपोल्ड यांच्यासारखी कामगिरी लागते. उलटा रस्ताही आहे. कर्ट सिग्नेट्टी अलाबामात सेबन यांचे सहाय्यक होते. ती जागा सोडून २०११ मध्ये ते त्याच इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचे हेड कोच झाले, जिथे पूर्वी त्यांचे वडील कोच होते. हेड कोच म्हणून स्वतःला सिद्ध करायची संधी त्यांना तिथे मिळाली. २०२४ मध्ये त्यांनी इंडियाना विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये नेलं.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे : कुणाच्या हाताखाली सुरुवात केली. केरेस यांनी माउंट युनियनमध्ये ३३२ सामने जिंकले, २४ हरले आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण मोठ्या विद्यापीठांत आज त्यांचं नाव निघतं ते त्यांच्याकडे शिकून गेलेल्या मॅट कॅम्पबेल, जेसन कँडल अशा कोचांमुळेही. लायपोल्ड बफलोला गेले तेव्हा व्हाइटवॉटरचे आपले सहाय्यक घेऊन गेले, आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्ससलाही नेलं. म्हणून तुमच्या मुलाने ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा निवडताना भत्ता दोन हजार डॉलर जास्त की कमी ते बघू नये. त्या हेड कोचचे जुने सहाय्यक आज कुठे आहेत, ते बघावं.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट, जिच्याबद्दल खेळाडू मुलं क्वचितच विचार करतात. ज्या कॉलेजात नोकरी करायची ते कॉलेजच टिकेल का? इलिनॉयमधलं मॅकमरे कॉलेज २०२० मध्ये बंद झालं. मिशिगनमधली फिनलंडिया युनिव्हर्सिटी २०२३ मध्ये. अलाबामातलं बर्मिंगहॅम–सदर्न २०२४ मध्ये. आयोवा वेस्लियनही २०२३ मध्ये बंद पडलं. हे तेच कॉलेज, जिथे १९८९ पासून हॅल मम्मी आणि त्यांचे सहाय्यक माइक लीच यांनी ‘एअर रेड’ ही सतत पास फेकण्याची पद्धत घडवली, जी पुढे सगळ्या देशात पसरली. (लीच यांच्याकडे कायद्याची पदवी होती आणि ते स्वतः कॉलेज फुटबॉल खेळलेले नव्हते, मुलाची पदवी वाया जाईल असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.) कॉलेज चालू राहिलं तरी फुटबॉल बंद होऊ शकतो. इंडियानातल्या अर्लहॅमने २०१८ मध्ये पराभवांची लांबलचक मालिका संपता संपेना, तेव्हा संघ थांबवला. आयोवातलं ग्रिनेल कॉलेज तर श्रीमंत, पण २०१९ मध्ये धडधाकट खेळाडू पुरेसे उरले नाहीत म्हणून सीझन अर्ध्यात सोडावा लागला. अठरा वर्षांच्या मुलांची संख्या अनेक राज्यांत घटते आहे, तेव्हा अशा बातम्या आणखी येतील.

इथे तुमच्या मुलाचं अर्थशास्त्र कामाला येईल. बिगर-नफा संस्थांचा फॉर्म ९९० हा कर-विवरणाचा कागद सार्वजनिक असतो. त्यात कॉलेजचा जमाखर्च दिसतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्यांची नावंही. विद्यार्थीसंख्येचे आकडे केंद्राच्या शिक्षण खात्याच्या आयपेड्स या संग्रहात मिळतात. पाच वर्षांत नव्या विद्यार्थ्यांचा आकडा सतत घसरतो आहे, दर वर्षी तूट आहे आणि अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतात, असं दिसलं तर तिथे कितीही चांगला कोच असला तरी मी माझ्या मुलाला पाठवणार नाही. जिंकणारा संघ आणि आजारी कॉलेज यांपेक्षा हरणारा संघ आणि धडधाकट कॉलेज केव्हाही बरं. हरणारा संघ सुधारता येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : मुलगा अमेरिकन नागरिक आहे की नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या आपल्या अनेक कुटुंबांतली मुलं एकविसाव्या वर्षी पालकांच्या व्हिसावरून बाहेर पडतात. तुमच्या मुलाचं तसं असेल तर सगळं गणित बदलतं. विद्यार्थी व्हिसावर मास्टर्स करत असिस्टंटशिप करता येईल, पण त्यानंतर सहाय्यक कोचसाठी एच-वन-बीची खटपट करणारं लहान कॉलेज मिळणं फार कठीण. अशा वेळी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मग कोचला.

तो नागरिक असेल तर माझा सल्ला असा. विमा कंपनीला रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येईल का ते विचारायला हरकत नाही, पण बहुतेक कंपन्या दोन वर्षं थांबणार नाहीत, तेव्हा त्यावर विसंबू नका. असिस्टंटशिपमध्ये फुकट मिळणारं मास्टर्स हीच त्याची खरी सुरक्षितता आहे, आणि ते त्याने डोळसपणे निवडावं. नुसती क्रीडा व्यवस्थापनाची पदवी घेऊन फुटबॉलबाहेर फारसं काही हाती लागत नाही. गणित किंवा सामाजिक शास्त्र शिकवण्याच्या परवान्यासकट शिक्षणशास्त्राचं मास्टर्स केलं, तर हायस्कूलमध्ये शिक्षक आणि फुटबॉल कोच अशी नोकरी मिळू शकते, पेन्शनसकट. डीबोर यांनीही मधली काही वर्षं हायस्कूलमध्ये काढली होती. तिथून कॉलेजात परत यायची वाटही बंद होत नाही. आणि तो त्या हायस्कूलमध्येच रमला तर वाईट काहीच झालं नाही. खेळ तोच, मुलं दोन-चार वर्षांनी लहान.

तीस वर्षांचा होईपर्यंत कोऑर्डिनेटर झालाच पाहिजे, अशी तारखेची अट त्याच्यावर घालू नका. या व्यवसायात वय चालतं. ज्यांच्या नावाने डिव्हिजन थ्रीचा अंतिम सामना खेळला जातो ते एमोस अलोन्झो स्टॅग शिकागो विद्यापीठातून सत्तरीत निवृत्त केले गेले, तिथून कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले, आणि १९४७ पासून तुमच्याच शेजारच्या राज्यात, पेनसिल्व्हेनियातल्या ससक्वेहॅना युनिव्हर्सिटीत, मुलाबरोबर संघ सांभाळत राहिले. तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. अट घालायचीच तर अशी घाला : मास्टर्स पूर्ण होईपर्यंत कर्ज काढायचं नाही, आणि आरोग्य विम्याशिवाय एकही महिना राहायचं नाही. सव्वीस वर्षांपर्यंत तो तुमच्या विम्यावर राहू शकतो, तेवढी मदत जरूर करा.

आणि होकार देण्याआधी दोन कामं त्याने करावीत. पहिलं, सामने संपल्यानंतरच्या डिसेंबरात आपल्या कोचबरोबर एक आठवडा फिरावं : शाळांच्या फेऱ्या, पालकांच्या भेटी, रात्रीचे फोन. तो आठवडा संपल्यावरही त्याला हेच काम हवंसं वाटलं, तर तुम्ही निर्धास्त व्हा. दुसरं, ज्या कॉलेजने असिस्टंटशिप देऊ केली आहे तिथे स्पष्ट विचारावं : कोणत्या विषयाचं मास्टर्स, फी पूर्ण माफ की अर्धी, उन्हाळ्यात भत्ता मिळतो का, राहायचं कुठे, माझ्या वाट्याला भरतीचा कोणता भाग येईल आणि किती मुलं आणायची अपेक्षा आहे, आणि मागचे दोन ग्रॅज्युएट असिस्टंट आज काय करतात. त्या दोघांना फोन करून बोलावं. उत्तरं आली की इथे कळवा. कॉलेजचं नाव न लिहिता नुसते आकडे दिलेत तरी पुरे, मी पाहून सांगेन.